कॉलेजचा यशस्वी सॉकर प्रशिक्षक व्यावसायिक संघाकडे जाईल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरच्या मध्याला अमेरिकेतील कॉलेज सॉकरचा हंगाम संपतो आणि विजेत्या प्रशिक्षकाबद्दल एक प्रश्न लगेच सुरू होतो: आता हा व्यावसायिक संघाकडे जाणार का? आपल्याकडची काही मुले-मुली फुटबॉलच्या बळावर तिथल्या विद्यापीठांत शिकायला जातात, त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांतही विचारला जातो. पालक अनेकदा विद्यापीठाआधी प्रशिक्षकाचे नाव पाहतात. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. तिथल्या 'कॉलेज फुटबॉल'च्या बातम्या वाचून अनेकांचा समज होतो की कॉलेजच्या प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर मिळतात, मग तो क्लबाकडे कशाला जाईल? त्या बातम्या अंडाकृती चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलच्या असतात. लुइझियाना स्टेटला २००३ चे जेतेपद मिळवून देणारे निक सेबन २००५ मध्ये मायामी डॉल्फिन्सकडे गेले आणि दोन हंगामांत परत फिरून २००७ पासून अलाबामात रमले. हे नेहमी सांगितले जाणारे उदाहरणही त्याच खेळातले. तिथे कॉलेजचे मैदान लाखाच्या आसपास प्रेक्षकांनी भरते आणि विद्यापीठाचे क्रीडा खाते त्या पैशावर चालते. सॉकर हा त्या खात्यात खर्चाच्या बाजूचा खेळ आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा कॉलेजमधला प्रशिक्षक खाऊनपिऊन सुखी असतो, श्रीमंत नसतो. दोन खेळांचे हिशेब एकमेकांना लावू नयेत.

आता मूळ प्रश्न. जेतेपदे मोजून त्याचे उत्तर मिळत नाही, असे आमचे ठाम मत आहे. विचारायचे ते एवढेच की समोरच्या नोकरीत खेळाडू निवडण्याचा अधिकार कोणाकडे आहे. कॉलेज प्रशिक्षकाचे निम्म्याहून अधिक कौशल्य माणसे जमवण्यात असते. तो अधिकार ज्यांना नव्या जागीही मिळाला, किंवा ओळखीचे खेळाडू हाताशी मिळाले, ते तिथे टिकले. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांतले बरेच दोन-तीन हंगामांत पुन्हा विद्यापीठाच्या मैदानावर दिसले.

कॉलेज प्रशिक्षकाचे वर्ष कसे असते ते पाहिले की हे लक्षात येते. सामने ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्याला अंतिम सामना होतो. एवढ्या साडेतीन महिन्यांत वीसेक सामने, म्हणजे अनेक आठवड्यांत दोन. महिलांचे सामने बरेचदा गुरुवारी आणि रविवारी असतात. हंगामात सरावाला दिवसाला जास्तीत जास्त ४ तास आणि आठवड्याला २० तास मिळतात, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. सामना कितीही लांबला तरी त्या हिशेबात ३ तासच धरतात. दोन सामन्यांचे ६ तास गेले, चित्रफिती पाहण्याचा नि व्यायामशाळेचा वेळ गेला, की मैदानावर शिकवायला आठवड्याला आठ-दहा तास उरतात. हंगामाबाहेर तर आठवड्याची मर्यादा ८ तासांची. उरलेला सगळा वेळ प्रशिक्षक खेळाडू शोधण्यात घालवतो. शाळकरी स्पर्धा पाहणे, फोन, घरच्यांच्या भेटी, शिष्यवृत्तीचे गणित, हे सारे त्याच्याकडेच. पुरुषांच्या संघाला अनेक वर्षे ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि महिलांना १४ ची. ९.९ चे तुकडे करून पंचवीस-सव्वीस खेळाडूंत वाटायचे, कोणाला निम्मी, कोणाला पुस्तकांपुरती, आणि तरीही चांगला मधला आक्रमक मिळवायचा, ही या पेशातली खरी परीक्षा होती. कॉलेज खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची ती मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली. पण पैसे आले कुठून? त्याच तडजोडीनुसार विद्यापीठ २०२५-२६ मध्ये खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकते. त्यातला मोठा भाग अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच वळणार. त्यामुळे नियमाने मोकळीक दिली तरी अनेक सॉकर प्रशिक्षकांचे अंदाजपत्रक उलट घट्ट झाले आहे. बाहेर पडण्याचा विचार डोक्यात येण्याचे हे आजचे एक खरे कारण आहे.

व्यावसायिक संघात यातले जवळजवळ काहीच त्याच्या हाती नसते. मेजर लीग सॉकर या तिथल्या पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू घेण्याचे काम क्रीडा संचालक किंवा महाव्यवस्थापक करतो. पगाराची एकूण मर्यादा ठरलेली, तिच्या बाहेरचे जास्तीत जास्त ३ तारांकित खेळाडू, परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून आणि त्याही क्लबांत खरेदी-विक्री होणाऱ्या. अकादमीतून वर आलेल्यांचे नियम आणखी वेगळे. कॉलेजमधून आलेल्या प्रशिक्षकाला पहिल्याच महिन्यात कळते की बाकावरचा डावा बचावपटू त्याला नको असला तरी त्याचा करार दोन वर्षांचा आहे. कॉलेजमध्ये नको असलेला खेळाडू चार वर्षांत पदवी घेऊन जातो आणि पुढची भरती आपली आपण केलेली असते.

मैदानावरचे नियमही वेगळे आहेत, आणि प्रशिक्षकाची खरी फसगत इथे होते. कॉलेजमध्ये बदली खेळाडूंच्या संख्येवर क्लबासारखे बंधन नाही. पहिल्या अर्ध्यात बाहेर गेलेला खेळाडू त्या अर्ध्यात परत येत नाही, पण दुसऱ्या अर्ध्यात एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ शकतो. याचा फायदा घेऊन अनेक यशस्वी संघ लाटांनी दडपण आणतात. पुढची फळी वीस-पंचवीस मिनिटे जीव तोडून धावते, मग तिच्या जागी ताजी फळी. क्लब फुटबॉलमध्ये ५ बदल, तेही खेळ थांबवण्याच्या ३ संधींत. त्याच पद्धतीने खेळायला गेले की साठाव्या मिनिटाला मधली फळी तुटते, बचावपटू आणि आक्रमक यांच्यात तीस-चाळीस मीटरची पोकळी पडते आणि प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक दहा, म्हणजे आक्रमण रचणारा मधला खेळाडू, तिथे मोकळा उभा राहतो. उपाय माहीत नसतो असे नाही. पण चेंडू आपल्याकडे ठेवून विश्रांती घेणे, दडपण कधी सोडायचे याचे संकेत ठरवणे, सत्तर मिनिटांनंतर रचना खाली ओढणे, हे सगळे सवयीचे नसते आणि ते अंगवळणी पडायला एक हंगाम जातो. कॉलेजमध्ये घड्याळसुद्धा उलटे, पंचेचाळीसवरून शून्याकडे चालते आणि ते थांबवता येते, त्यामुळे शेवटची किती मिनिटे उरली आहेत हे सगळ्यांना दिसते. क्लब फुटबॉलमध्ये वाढीव वेळ पंच ठरवतो. सामना संपवण्याचे तंत्रच त्यामुळे बदलते.

३४ साखळी सामन्यांचा हंगाम, शिवाय चषक स्पर्धा, लांबचे विमानप्रवास, कॅन्सासच्या उन्हाळ्यातला उष्मा आणि कोलोरॅडोची उंची. दर आठवड्याला सर्वोत्तम अकरा उतरवणारा माणूस ऑगस्टमध्ये अडचणीत येतो. आणि कपडे बदलायच्या खोलीतला अधिकार? कॉलेजमध्ये खेळाडू १८ ते २२-२३ वर्षांचा, शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या शब्दावर. क्लबात ३२ वर्षांचा, विश्वचषक खेळलेला, प्रशिक्षकाहून अधिक पगार घेणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याला 'का' हे सांगावे लागते, आणि ते पटवावे लागते.

एवढे सगळे असूनही काही जण गेले आणि मोठे यशस्वी झाले. त्यांच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

ब्रूस अरीना १९७८ पासून व्हर्जिनिया विद्यापीठात होते. १९८९ चे जेतेपद सांता क्लारासोबत विभागून, मग १९९१ ते १९९४ सलग चार. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा ते डीसी युनायटेडकडे गेले. पहिले चारही सामने हरले. त्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकच्या अमेरिकन संघाचीही जबाबदारी त्यांच्यावरच होती. तरीही पहिला चषक त्यांनी जिंकला आणि पुढच्या वर्षी दुसराही. त्या संघात जॉन हार्क्स, जेफ अगूस आणि रिची विल्यम्स हे तिघे व्हर्जिनियाचे माजी खेळाडू होते. चार पराभवांनंतरही संघ फुटला नाही याचे बरेचसे श्रेय आम्ही या जुन्या ओळखीला देतो. अरीनांची पद्धत खोलीतल्या निदान तिघांना पाठ होती. शिवाय लीग नवी होती, सगळेच संघ शून्यातून उभे राहत होते, म्हणजे कॉलेज प्रशिक्षकाचे माणसे जमवण्याचे कौशल्य तिथे नेमके उपयोगी पडले. आज तशी मोकळी पाटी कोणालाच मिळत नाही.

बॉब ब्रॅडली यांनी वेगळी वाट धरली. प्रिन्स्टनमध्ये १९८४ ते १९९५ मुख्य प्रशिक्षक राहिल्यावर ते डीसी युनायटेडमध्ये अरीनांचे सहायक झाले. मुख्य प्रशिक्षक असलेला माणूस सहायक व्हायला तयार झाला, हे महत्त्वाचे. दोन हंगाम करारांचे, पगारमर्यादेचे, व्यावसायिक खेळाडूंशी बोलण्याचे शिक्षण घेतले आणि १९९८ मध्ये नव्या शिकागो फायरला पहिल्याच वर्षी लीगचा चषक आणि यूएस ओपन कप ही देशभरातल्या क्लबांची बाद स्पर्धा असे दोन्ही जिंकून दिले. कॉलेजमधून क्लबाकडे जाणाऱ्याला आजही आम्ही हीच वाट सुचवू. मान थोडा कमी होतो, पण चुका दुसऱ्याच्या नावावर शिकता येतात.

सिगी श्मिड यांनी यूसीएलएला १९८५, १९९० आणि १९९७ ची जेतेपदे दिली आणि १९९९ मध्ये हंगाम सुरू असताना त्याच शहरातल्या, लॉस एंजेलिसच्या गॅलक्सी क्लबाकडे गेले. घर बदलले नाही, शाळा बदलल्या नाहीत. या गोष्टी मैदानाबाहेरच्या असल्या तरी निर्णयात त्यांचे वजन मोठे असते. २००२ चा चषक जिंकला, आणि २००४ मध्ये संघ आपल्या विभागात वर असताना त्यांना काढण्यात आले. कॉलेजमध्ये वर असलेल्या संघाचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात जात नाही. क्लबात जातो. पुढे कोलंबसला २००८ चा चषक देऊन त्यांनी स्वतःला पुन्हा सिद्ध केले, मग सिअॅटलला चार ओपन कप दिले. पण प्रत्येकाला दुसरी संधी मिळतेच असे नाही.

शेलास हिंडमन यांनी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात २४ वर्षे काढली आणि २००८ च्या जूनमध्ये त्याच महानगरातल्या एफसी डॅलसकडे गेले. २०१० मध्ये अंतिम सामन्यापर्यंत मजल आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान, २०१३ मध्ये निरोप, आणि पुढे ते कॉलेजच्याच मैदानावर परतले.

सगळ्यांत शिकण्यासारखे प्रकरण केलेब पोर्टर यांचे. २०१० मध्ये ॲक्रनला विजेतेपद मिळाले. लगेचच्या जानेवारीत, मेजर लीगचे क्लब आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या २०११ च्या निवडप्रक्रियेत (ड्राफ्ट) ॲक्रनचे सात खेळाडू घेतले गेले, त्यांतले पाच पहिल्या आठ क्रमांकांत. व्यावसायिक क्लबांना त्यांचे काम आवडले होते हे उघड होते, तरी ते लगेच गेले नाहीत. ॲक्रनमध्ये राहूनच त्यांनी २३ वर्षांखालील राष्ट्रीय संघ सांभाळला. २०१२ च्या मार्चमध्ये नॅशव्हिलला तो संघ एल साल्वाडोरशी ३-३ असा बरोबरीत राहून ऑलिंपिक पात्रतेतून बाहेर पडला. अपयश मोठे होते, पण वेगवेगळ्या क्लबांतून आलेल्या व्यावसायिक मुलांना थोड्या दिवसांत एकत्र आणण्याचा अनुभव त्यातून मिळाला. पोर्टलंड टिंबर्सने त्यांचे नाव २०१२ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केले, आणि त्यांनी ॲक्रनचा तो हंगाम पूर्ण करून मगच नवे काम हाती घेतले. हा क्रम सर्वांनी पाहण्यासारखा आहे. विद्यापीठाला बदली माणूस शोधायला तीन-चार महिने मिळाले, खेळाडूंना अचानक बातमी कळली नाही, आणि क्लबालाही त्यांच्या सल्ल्याने संघ आखता आला. पोर्टलंडमध्ये डार्लिंग्टन नॅग्बी हा त्यांचा ॲक्रनमधला खेळाडू आधीच होता. २०१३ मध्ये ३४ पैकी फक्त ५ सामने हरून संघ पश्चिम विभागात पहिला आला, २०१५ मध्ये चषक जिंकला. २०२० मध्ये कोलंबसबरोबर त्यांनी दुसरा चषक जिंकला, आणि त्या संघातही नॅग्बी होता.

आता उलट बाजू. जे विडोविच यांनी वेक फॉरेस्टला २००७ चे जेतेपद दिले होते. २०१५ मध्ये ते पोर्टलंडच्या दुय्यम संघाकडे, टिंबर्स-२ कडे गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पिट्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्या मनात काय होते याचा अंदाज आम्ही करणार नाही, पण कामाचे स्वरूप पाहा. दुय्यम संघात शनिवारी कोण खेळणार हे मुख्य संघाच्या दुखापतींवर ठरते. आठवडाभर ज्या मधल्या जोडीवर मेहनत घेतली तिच्यातला एक शुक्रवारी वर बोलावला जातो, आणि वरून खाली पाठवलेल्या दुखापतीतून उठलेल्या खेळाडूला ठरावीक मिनिटे द्यावी लागतात. वीस वर्षे स्वतःचा संघ स्वतः बांधलेल्या माणसाला ही जागा देणे म्हणजे गवंड्याला फक्त रंगकाम देण्यासारखे आहे. एखाद्या यशस्वी कॉलेज प्रशिक्षकाला दुय्यम संघाचा प्रस्ताव आला अशी बातमी वाचली, तर तो जाणार नाही असेच धरून चाला.

रँडी वॉल्ड्रम यांचेही तसेच. नोत्र दामच्या महिला संघाला २००४ आणि २०१० ची जेतेपदे देऊन २०१४ मध्ये ते नव्या ह्यूस्टन डॅशकडे गेले. तेव्हा महिला लीगमध्ये राष्ट्रीय संघांच्या खेळाडूंचे वाटप महासंघ करत असत आणि २०१५ च्या विश्वचषकाच्या काळात त्या खेळाडू संघाबाहेरच होत्या. प्रशिक्षकाच्या हाती उरत होते ते अर्धे पान. २०१७ च्या मेमध्ये ते डॅशपासून वेगळे झाले आणि त्या वर्षाअखेरीस पिट्सबर्गच्या महिला संघाकडे आले. डॅश बाद फेरीत प्रथम पोचला तो २०२२ मध्ये, म्हणजे अडचण एका माणसाची नव्हती. पुढे याच वॉल्ड्रम यांनी कॉलेजची नोकरी सांभाळून नायजेरियाचा महिला संघ घेतला आणि २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडला पेनल्टीपर्यंत खेचले. राष्ट्रीय संघात निवड प्रशिक्षकाची असते, हा फरक ध्यानात घ्यावा.

जिल एलिस यांची वाटही तीच सांगते. यूसीएलएत १९९९ ते २०१० राहून त्या क्लबाकडे गेल्या नाहीत, राष्ट्रीय महासंघाकडे गेल्या. आधी मुलींच्या विकासाचे काम, मग मुख्य संघ, आणि २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक. मार्क क्रिकोरियन यांनी फ्लोरिडा स्टेटला तिसरे जेतेपद डिसेंबर २०२१ मध्ये मिळवून दिले, काही महिन्यांत राजीनामा दिला आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टन स्पिरिटमध्ये गेले. पण प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर संघबांधणीचे प्रमुख म्हणून. कॉलेजच्या प्रशिक्षकाला क्लबाने द्यावी अशी खरी जागा हीच आहे, असे आम्हाला वाटते. वीस वर्षे सोळा-सतरा वर्षांची मुले पाहून ती बाविसाव्या वर्षी काय होतील हे ओळखलेले असते. ती नजर बाकाजवळ उभे राहण्यात वाया जाते.

राहिलेल्यांची यादी गेलेल्यांपेक्षा लांब आहे. इंडियानाचे जेरी येगली १९७३ पासून २००३ पर्यंत राहिले, सहावे जेतेपद घेऊन निवृत्त झाले. मेरीलंडचे साशो चिरोव्स्की १९९३ पासून तिथेच आहेत. २००५, २००८, २०१८ अशी तीन जेतेपदे, आणि कॉलेजचा हंगाम दोन सत्रांत पसरावा यासाठी त्यांनी केलेला पाठपुरावा त्यांच्या जेतेपदांइतकाच मोलाचा आहे. स्टॅनफर्डला २०१५ ते २०१७ सलग तीन वेळा जिंकवणारे जेरेमी गन त्यानंतरही तिथेच राहिले. नॉर्थ कॅरोलायनाचे ॲन्सन डोरन्स १९८६ ते १९९४ राष्ट्रीय महिला संघही सांभाळत होते, १९९१ चा पहिला विश्वचषक त्यांनी जिंकला, आणि दोन्हींतून एक सोडताना कॉलेज ठेवले. या लोकांना बोलावणे आले नसेल असे नाही. नोकरीची हमी, आरोग्यविमा, अनेक विद्यापीठांत कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळणारी शुल्कसवलत, आणि संघ आपला असल्याचे समाधान, हे सोडून वर्षभरात काढून टाकले जाण्याची शक्यता कोण पत्करेल?

वाटही अरुंद झाली आहे. २००७ च्या सुमारास मेजर लीगच्या क्लबांनी अकादम्या उभ्या केल्या, २००८ पासून अकादमीतल्या मुलाला निवडप्रक्रियेशिवाय थेट करार देता येऊ लागला. उत्तम मुले कॉलेजला वळसा घालून जाऊ लागली तसे क्लबांचे कॉलेज प्रशिक्षकांकडे लक्षही कमी झाले. क्लब आता माजी व्यावसायिक खेळाडू, सहायक प्रशिक्षक किंवा परदेशी अनुभव असलेल्यांना घेतात. त्यात परवान्याची अट: ड, क, ब, अ आणि शेवटी प्रो. प्रो परवान्याचा अभ्यास व्यावसायिक संघात रोज काम करता करता करायचा असतो, कॉलेजच्या माणसाला तो दरवाजा सहज उघडत नाही. जागा तरी किती? मेजर लीगमध्ये ३० संघ, राष्ट्रीय महिला लीगमध्ये २०२६ पासून १६. पोर्टरनंतर कॉलेजमधून थेट मेजर लीगच्या मुख्य प्रशिक्षकपदी जाण्याची वाट जवळजवळ बुजली आहे.

मग एखादा प्रशिक्षक खरेच निघायच्या तयारीत आहे हे बाहेरून कसे ओळखावे? उन्हाळ्यात तो राष्ट्रीय वयोगट संघांबरोबर असतो का, वरच्या परवान्याचा अभ्यास करतो आहे का, ज्येष्ठ सहायकाला 'सह-मुख्य प्रशिक्षक' असे पद मिळाले आहे का, हे पाहावे. करार नुकताच वाढवला असेल तर त्याचा अर्थ लोक समजतात तसा 'राहणार' असा नसतो. मुदतीआधी सोडल्यास भरायची रक्कम किती, हे खरे. क्लबाला ती भरणे परवडते की नाही यावर पुष्कळ अवलंबून असते. कोणता प्रस्ताव आहे हेही विचारा. मुख्य संघ आणि खेळाडू निवडीत मत असेल तर जाण्याची शक्यता धरावी. शिवाय अनेक यशस्वी प्रशिक्षक क्लबाकडे न जाता मोठ्या विद्यापीठाकडे जातात. रॉब डाऊ यांनी डिसेंबर २०२४ मध्ये व्हरमाँटला पहिले जेतेपद दिले आणि लगेच पेन स्टेटला गेले. विजेत्या प्रशिक्षकाच्या बाबतीत आधी हीच शक्यता तपासावी.

पालकांसाठी आता थोडे नेमके. शिष्यवृत्तीचा करार विद्यापीठाशी असतो, प्रशिक्षकाशी नाही. करार एका वर्षाचा आहे की चार, आणि प्रशिक्षक बदलल्यास रक्कम कायम राहते का, हे सहीआधी लेखी विचारा. मुख्य प्रशिक्षक गेला तर खेळाडूला नेहमीच्या मुदतीबाहेरही बदलीच्या यादीत नाव नोंदवता येते, पण ती मुदत दिवसांत मोजावी लागते. नेमकी तारीख विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाकडून घ्या, संघमित्रांच्या निरोपावर विसंबू नका. यादीत नाव घातले की चालू सत्रानंतरची मदत थांबवण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो, म्हणून दुसरीकडे बोलणे कुठवर आले आहे हे पाहूनच पाऊल उचलावे. नवा प्रशिक्षक आल्यावर तो पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांना भेटतो. २८ च्या मर्यादेत आपले स्थान काय, हा प्रश्न त्याला सरळ विचारावा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांना आणखी एक बंधन आहे. विद्यापीठ बदलायचे तर सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद जुन्या विद्यापीठाने नव्याकडे हस्तांतरित करावी लागते आणि नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठीचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. दोन ठिकाणच्या शिक्षणात पाच महिन्यांहून मोठा खंड पडता कामा नये. सत्रात पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणतः किमान १२ क्रेडिट्स घ्यावी लागतात, आणि हंगामात काही क्रेडिट्स सोडून आकडा त्याखाली गेला तर व्हिसाच धोक्यात येतो. अभियांत्रिकीच्या मुलांची निम्मी क्रेडिट्स नव्या ठिकाणी मान्य होत नाहीत असेही घडते. त्यामुळे सॉकरच्या आधी निबंधक कार्यालयाशी बोलणे व्हावे.

वेळापत्रकाची एक गोष्ट पुढच्या दोन-तीन वर्षांत फार महत्त्वाची ठरेल. आजवर मेजर लीगचा हंगाम शरदात संपायचा, नेमणुका नोव्हेंबर-डिसेंबरात व्हायच्या आणि कॉलेजचा प्रशिक्षक आपला हंगाम उरकून जाऊ शकत होता. २०२७ पासून मेजर लीग जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन मेच्या अखेरीस संपणार आहे. म्हणजे नेमणुका जूनमध्ये. कॉलेज प्रशिक्षकांना दहावी संपवलेल्या मुलांशी संपर्क साधायची मुभा १५ जूनपासून मिळते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संघ हजर होतो. जूनमध्ये प्रशिक्षक गेला तर नव्याने बोलणी सुरू झालेला गट आणि ऑगस्टमध्ये येऊ घातलेला गट, दोन्ही एकदम अधांतरी राहतील. पोर्टर यांनी जशी ऑगस्टमध्ये घोषणा करून डिसेंबरपर्यंत थांबून जागा सोडली तशी मुभा क्लब यापुढे देऊ शकणार नाहीत. २०२७ किंवा २०२८ च्या ऑगस्टसाठी प्रवेश घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी मुख्य प्रशिक्षकाबरोबरच पहिल्या सहायकाशीही ओळख करून ठेवावी. नॉर्थ कॅरोलायनात २०२४ च्या ऑगस्टमध्ये हंगाम तोंडावर असताना डोरन्स थांबले, सहायक डेमन नाहस यांनी सूत्रे घेतली आणि त्याच डिसेंबरात संघाने विजेतेपद मिळवले. त्या खेळाडूंना आठवड्यात बदललेला माणूस अनोळखी नव्हता.

आपले,
फुटबॉल प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, पुणे